ढोलीची राखण

झाडं वाचवायला जिला नेमतात, तिच्याच सहीनं सगळ्यात जास्त झाडं पडतात. ऐकायला उफराटं वाटतं, पण त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. मोठ्या बांधकामाला परवानगी देताना एक अट घालतात, की झाडं आणि पशुपक्षी सांभाळायला एक जाणकार माणूस साइटवर हवा. तो माणूस नेमते बांधकाम कंपनी, पगार देते कंपनी, आणि त्यानं आडवं जायचं तेही कंपनीलाच. मांजरानं पगार देऊन उंदरांसाठी राखणदार ठेवावा, तसला हा कारभार.

या साइटवर ती नेमणूक एका बाईची होती. चाळिशी उलटलेली, उन्हानं रापलेली, गळ्यात दुर्बीण आणि पायात पुरुषी बूट. मजुरांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव झाडबाई ठेवलं आणि तिलाही ते बरं वाटलं. जागा म्हणजे मालकानं सोडून दिलेली एक जुनी फळबाग होती आणि तिथे चार इमारती उभ्या राहायच्या होत्या. पहिल्या बैठकीत झाडबाई सगळ्या बागेसाठी भांडली. दुसऱ्या बैठकीत अर्ध्या बागेसाठी. तिसऱ्या बैठकीपर्यंत तिला कळून चुकलं, की हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी आहे. शेवटी प्रोजेक्टच्या साहेबांनी नकाशावर पेन्सिल टेकवली. साहेब तसे वाईट गृहस्थ नव्हते. ते म्हणाले, मॅडम, एकच झाड सांगा, त्याच्यासाठी मी इमारत सरकवतो. तिनं कोपऱ्यातल्या जुन्या तुतीवर बोट ठेवलं. दगडापेक्षा वीट मऊ, असं स्वतःला समजावलं आणि बाकीच्या बागेवर सही केली.

करवती चालल्या ते सगळे दिवस ती रजा न घेता तिथे उभी राहिली. सही आपण केली तर बघायचंही आपणच, असा तिचा हट्ट. संध्याकाळी घरी सासूबाईंनी ताट वाढलं तर घास उतरेना. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातून दोनदा उगवायचा, त्यामुळे घरात या दोघीच. सासूबाईंना ऐकू कमी येई. त्यांच्याशी गुपित बोलायचं म्हणजे ते शेजाऱ्यांनाही सांगायचं. तरी एका संध्याकाळी झाडबाईनं खिडक्या लावून घेतल्या आणि त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, की तुतीच का. तुतीच्या बुंध्यात, दोन माणसं एकावर एक उभी राहतील तेवढ्या उंचीवर, एक ढोली होती. ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहत होती. ओंजळीत मावतील एवढी घुबडं. आसपासची पोकळ झाडं आधीच्या इमारतींनी खाऊन टाकली होती, त्यामुळे या जोडीला दुसरी जागा उरलेली नव्हती.

"एवढंच राहिलं ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग तेवढं तरी नीट सांभाळ."

दुसऱ्या दिवसापासून सून कामावर निघाली की त्या दारातून विचारू लागल्या, काय गं, निघालीस का माहेरी?

चेष्टा खरी होती. झाडबाई सकाळी कंटेनरमधल्या आपल्या कचेरीत शिरायची ती आधी मागची खिडकी उघडायची आणि दुर्बीण लावायची. फांदीवर नर बसलेला असे, भुवया चढवून, हिशेब चुकलेल्या कारकुनासारखा. मादी ढोलीच्या तोंडाशी क्षणभर दिसे आणि आत जाई. त्या दोघांना बघितलं, की झाडबाईला आपली ती सही थोडी हलकी वाटे. ही ढोली राहिली तर त्या सहीला काही अर्थ होता. ती गेली, तर आपण बाग तोडायला हातभार लावणारी एक पगारी बाई, दुसरं काही नाही. हे ती स्वतःशी असं स्पष्ट म्हणत असे.

आणि म्हणूनच तिनं ढोलीतल्या बिऱ्हाडाबद्दल साइटवर कुणालाही सांगितलं नव्हतं. याला कारण होतं. आधीच्या साइटवर तिनं नियमाप्रमाणे पाटी लावली होती: इथे पक्ष्यांचं घरटं आहे, कृपया त्रास देऊ नये. त्या पाटीच्या आधी तिकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. पाटी लागली आणि जत्रा सुरू झाली. कुणी फोटो काढायला, कुणी बायकोला दाखवायला, कुणी नुसताच खडा मारून बघायला. आठवडाभरात घरटं रिकामं झालं. तेव्हापासून झाडबाईनं गाठ बांधली होती, की झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेबांनाही तिनं फक्त झाड सांगितलं, पक्षी सांगितला नाही. साहेबांच्या कानावर गेलं म्हणजे विक्रीवाल्यांच्या कानावर गेलं, आणि विक्रीवाले घुबडाला टोपी घालून फलकावर बसवायला कमी करणारे नव्हते.

साइटवर तिला धरून एकच माणूस होता, तो मिस्त्री. मिस्त्री म्हणजे तिथला मुख्य गवंडी. पन्नाशीचा, अंगानं काटकुळा, कानावर कायम पेन्सिल. त्याला एक खोड होती. त्याला भोक बघवत नसे. भिंतीत खिळ्याचं भोक दिसलं तरी हात शिवशिवत. एकदा वायरमननं वायर ओढायला मोकळ्या ठेवलेल्या नळ्यांची तोंडंच त्यानं व्यवस्थित बुजवून टाकली आणि मग दोघांची दिवसभर हमरीतुमरी. झाडबाईच्या दाराखालून वारा येतो हे दिसल्यावर त्यानं न विचारता तिथे उंबरठा घालून दिला. तिच्या कपाची कड उडालेली दिसली तर तीही पांढऱ्या सिमेंटनं भरून आणली. त्या कपातल्या चहाला किंचित भिंतीची चव लागे, पण ती त्यातूनच पीत राहिली. कुणी आपल्यासाठी काहीतरी दुरुस्त केलंय, ही गोष्ट तिच्या आयुष्यात तशी दुर्मीळच होती.

मिस्त्री दुपारचा डबा तुतीच्या सावलीत खायचा, पण कुंपणाच्या बाहेर बसून. झाडाभोवती पत्र्याचं कुंपण होतं, त्याला कुलूप होतं, आणि आत पाऊल टाकायचं नाही असा झाडबाईचा दंडक होता. तो दंडक पाळणारा पूर्ण साइटवर हा एकटाच. बाकीचे पाळत, पण ती बघत असेपर्यंत.

मग तुतीला फळं धरली. काळी, रसाळ, बोटांना डाग पाडणारी. कुंपणाचा पत्रा रोज कुठून तरी वाकलेला दिसू लागला. जेवणाच्या सुट्टीत फांद्या हलवल्या जात, खाली प्लास्टिक अंथरलं जाई. नेमकी हीच पिंगळ्यांच्या पिल्लांची वेळ. ढोलीतून बारीक फुसफुस ऐकू येऊ लागली होती, आणि मादी आता दिवसचे दिवस आतच असे. कुणी वर चढला तर सगळं संपलं, या धास्तीनं झाडबाईची झोप उडाली. ओरडून झालं, साहेबांकडे तक्रार करून झाली. शेवटी तिनं एक युक्ती काढली. ती मिस्त्रीला बाजूला घेऊन म्हणाली, की झाड आतून पोकळ झालंय. वर भोक पडलंय, त्यातून पाणी मुरतं आणि आतलं लाकूड कुजतंय. कुणी वर चढला तर फांदीसकट खाली येईल. माणसंही मरतील आणि झाडही.

यात तसं खोटं काहीच नव्हतं. जुनं झाड पोकळ असतंच, आणि तसं पोकळ असूनही ते कितीतरी वर्षं मजेत जगतं, एवढंच तिनं सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवलं. मिस्त्रीचा चेहरा उतरला. त्यानं विचारलं, मग यावर उपाय काय? ती म्हणाली, उपाय काही नाही, फक्त शांत राहू द्यायचं. भोक आहे आणि त्याला उपाय नाही, हे मिस्त्रीच्या मनाला पटलं नसावं. त्या दिवसापासून त्यानं झाडाची अशी राखण केली, की पत्र्याला कुणाचा हात लागेना. झाड पडेल या भीतीनं लोक दुसऱ्या बाजूनं ये-जा करू लागले. झाडबाईला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. वाईट माणसांपासून कसं वाचवायचं याचा तिनं पुरता विचार केला होता. चांगल्या माणसाचा विचार करायचं तिला सुचलं नाही.

तेवढ्यात सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. कान गेलेले, आता निदान डोळे तरी राहू देत, असं त्या स्वतःच म्हणत. झाडबाईनं दोन दिवसांची रजा टाकली आणि कुंपणाची किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली. चौकीदाराकडे देण्यात अर्थ नव्हता, तो चहाच्या घोटावर कुणालाही आत सोडायचा. तिनं मिस्त्रीला बजावलं की झाडाला जपा. त्यानं किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवला.

दवाखान्यात सासूबाईंचा रक्तदाब वाढला आणि दोन दिवसांचे चार झाले. दुसऱ्या दिवशी अवेळी पाऊस आला. झाडबाई दवाखान्याच्या खिडकीतून पाऊस बघत होती आणि तिला बरंच वाटत होतं, की एवढ्या चिखलात तुतीखाली कुणी फिरकणार नाही. सासूबाई डोळ्यावर पट्टी बांधून पडल्या होत्या. त्यांनी विचारलं, माहेरची आठवण येते का गं? ती हसली. आपण हसलो ते पुढे तिला फार दिवस टोचत राहिलं.

पाचव्या दिवशी सकाळी ती साइटवर आली तर मिस्त्री फाटकापाशीच उभा होता. एरवी तो या वेळी चौथ्या मजल्यावर असायचा. आज दाढी केलेली, शर्ट धुतलेला.

"बाई, तुमच्या झाडाचं दुखणं गेलं," तो म्हणाला.

तिला काही कळलं नाही. तो तिला घेऊन तुतीपाशी आला, कुलूप उघडलं आणि वर बोट दाखवलं. ढोलीच्या जागी करडा, गुळगुळीत गिलावा होता. गिलाव्यावर त्यानं थापीच्या टोकानं बारीक रेघा ओढल्या होत्या, खोडाच्या सालीवर असतात तशा. खालून बघणाऱ्याला तिथे काही केलंय हेही कळू नये, अशी त्याची इच्छा होती. मिस्त्री सांगत होता, की पाऊस कोसळायला लागला तसा तो झाडापाशी धावला. वरून पाण्याची धार सरळ भोकात जात होती. बाई नाहीत, झाड कुजणार, आपण खालून बघत बसायचं काय? त्यानं शिडी लावली. दाढ भरतात तसं भरलं. आधी आत गोणपाट कोंबलं, माल खाली पडू नये म्हणून. मग विटेचे तुकडे. वरून एकास तीनचा माल, एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळू. त्या प्रमाणाचा माल लोक पाण्याच्या टाकीला वापरतात. आता थेंब जाणार नाही.

फांदीकडे बघायची झाडबाईला हिंमत झाली नाही.

"आत बघितलं होतं का?" तिनं विचारलं.

"बघितलं ना. नुसता अंधार. आतून फुसफुस येत होती. मला वाटलं, पाणी मुरतंय."

"मिस्त्री, आत पिल्लं आहेत."

त्यानं कसली पिल्लं म्हणून विचारलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, मग वर बघितलं, आणि पळत सुटला. छिन्नी, हातोडा आणि शिडी घेऊन आला तेव्हा तो धापा टाकत होता. वर चढून त्यानं पहिला घाव घातला तर छिन्नी उडाली. माल पक्का झाला होता. त्या माणसाच्या हातचं काम कधी कच्चं नसायचं, आणि तेच नडलं. जोरात मारावं तर आत इजा होईल, हळू मारावं तर वेळ जातोय. तो मध्येच बाहीनं डोळे पुसत ठोकत राहिला. खाली माणसं जमली. झाड पडेल म्हणून लांब राहणारे सगळे आता झाडाला खेटून उभे होते आणि वर काय आहे ते एकमेकांना विचारत होते.

विटेचे तुकडे निघाले. मग गोणपाट निघालं. गोणपाटाचा आतला भाग कुरतडून, ओरबाडून चिंध्या झालेला होता आणि त्या चिंध्यांमध्ये मादी अडकलेली होती. तिच्या नख्यांत धागे होते. मिस्त्रीनं तिला धाग्यांसकट खाली दिलं. मग कोपरापर्यंत हात घालून एकेक पिल्लू काढलं. तीन होती. कापसाच्या बोंडासारखी, अजून पिसंही नीट न फुटलेली. शेवटचं पिल्लू देताना तो बराच वेळ शिडीवर थांबला. त्याच्या हातात जीव आहे का, हे तो चाचपून बघत होता. नव्हता.

खाली उतरल्यावर त्यानं कुंपणाची किल्ली तिच्या हातात ठेवली.

"बाई, मला सांगायचं होतं ना," तो म्हणाला. "मी इथेच झोपलो असतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला काहीतरी बोलता आलं असतं. ती चार जिवांना रुमालात गुंडाळून कंटेनरमध्ये गेली आणि दार लावून घेतलं. टेबलावर तो कड भरलेला कप होता. तिनं तो उचलला, फेकायला म्हणून, आणि मग तसाच खाली ठेवला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? दोष शोधायचा तर पाटी लावणारी ती, पाटी न लावणारीही तीच.

तिनं वरिष्ठांना पत्र लिहून सगळं खरं कळवलं. उत्तर आलं, की अट झाडाची होती, झाड शाबूत आहे, सबब अटीचा भंग झालेला नाही. साहेबांनी तिला बोलावून पाणी दिलं, खरोखर हळहळले, आणि मग जरा थांबून विचारलं, की म्हणजे आता त्या बाजूनं क्रेन न्यायला हरकत नाही ना? विक्रीवाल्यांना घुबडाची गोष्ट कळली ती याच पत्रावरून. महिनाभरात फाटकावर नवा फलक लागला. त्यावर दोन गोल डोळ्यांचं घुबड फांदीवर बसलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं: निसर्गाच्या शेजारी, तुमचं घर. टोपी मात्र घातली नव्हती, एवढी त्यांची मेहरबानी.

सासूबाईंना तिनं पिल्लं काढली त्याच दिवशी सांगितलं होतं, खिडक्या न लावता. आता लपवायचं होतं काय? त्यांची पट्टी निघाली होती आणि नव्या डोळ्यानं त्या सुनेचा चेहरा बघत होत्या. दुसऱ्या सकाळी ती निघाली तेव्हा दारात आल्या, तिची पाठ थोपटली, आणि माहेरचं नाव काढलं नाही. ते पुन्हा कधीच काढलं नाही.

नर राहिला होता. संध्याकाळ झाली की तो चौथ्या मजल्याच्या बाहेर आलेल्या सळ्यांवर येऊन बसे. चोचीत काहीतरी असे, किडा किंवा उंदराचं पिल्लू. ते घेऊन तो ढोलीकडे जाई, तोंडाशी थांबे, आणि ते तसंच चोचीत घेऊन परत येई. ढोली उघडी होती, पण आत मालाचे ओघळ चिकटलेले होते आणि तो आत शिरत नव्हता. काही दिवसांनी त्यानं काही आणणं सोडलं. नुसता येऊन बसू लागला.

एके दिवशी मिस्त्रीनं झाडबाईला वर बोलावलं. तुतीकडच्या भिंतीचं काम चालू होतं. छताच्या खाली, गॅलरीच्या वरच्या कोपऱ्यात त्यानं एक वीट घातलीच नव्हती. बाहेरून एका विटेचं तोंड, आत हातभर खोल पोकळी, तळाशी लाकडाचा भुसा. आयुष्यभर भोकं बुजवणाऱ्या माणसानं आपण होऊन एक भोक ठेवलं होतं, आणि ते दाखवताना तो चोरी केल्यासारखा इकडेतिकडे बघत होता.

"कुणाला सांगू नका," तो म्हणाला.

"नाही मिस्त्री," झाडबाई म्हणाली. "या वेळी सगळ्यांना सांगायचं."

आणि तिनं सांगितलं. साहेबांना वर नेऊन दाखवलं. साहेब म्हणाले, एका विटेनं कुणाचं घोडं मारलंय, राहू द्या. मजुरांना गोळा करून सांगितलं, आणि काय आश्चर्य, त्या दिवशी तुतीखाली जमलेल्यांपैकी कुणीही त्या पोकळीकडे साधा खडा भिरकावला नाही. रंगारी रंग द्यायला आला तर बाकीच्यांनीच त्याला अडवलं. पावसाळा संपता संपता नर एकदा त्या तोंडाशी बसलेला दिसला. आत गेला की नाही ते कळलं नाही. मिस्त्रीनं त्या दिवशी आपला डबा तिच्यापुढे केला आणि दोघांनी मिळून खाल्लं. आशा वाईट असते, हे माहीत असूनही झाडबाईनं ती थोडी केली.

इमारत पुरी झाली. तुतीच्या बुंध्याशी चार दिवे लावले गेले, झाड खालून उजळून निघावं म्हणून, आणि ते रात्रभर जळू लागले. ढोलीत पुन्हा कुणी येईल ही गोष्ट त्या दिव्यांनी संपवली. साहेबांची दुसऱ्या प्रोजेक्टवर बदली झाली. जाताना त्यांनी विटेचं कुणाला सांगितलं नाही. मुद्दाम नव्हे, विसरले. चौथ्या मजल्यावरचं घर एका शिक्षिकेनं घेतलं होतं. घर ताब्यात घेताना तिनं प्रत्येक नळ सोडून बघितला, प्रत्येक खिडकी लावून बघितली, आणि गॅलरीच्या कोपऱ्यातलं ते भोकही तिच्या नजरेतून सुटलं नाही. झाडबाई धावत वर गेली. नोकरीचे तिचे शेवटचेच दिवस होते. तिनं शिक्षिकेला सगळं सांगितलं, अगदी गोणपाटापासून. शिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती दुष्ट नव्हती. आत तिची म्हातारी आई खुर्चीवर बसली होती, दम्यानं छाती भरलेली, आणि गॅलरीचं दार तिच्याच खोलीत उघडत होतं.

"पिसं, विष्ठा, किडे, सगळं आत येणार," शिक्षिका म्हणाली. "आईला सोसणार नाही. तुम्ही तुमच्या घरात ठेवलं असतं का हो असं?"

झाडबाईला घरच्या सासूबाई आठवल्या. ती खोटं बोलू शकली असती. तिला ते जमलं नाही.

नवा इंजिनिअर म्हणाला, कुणालाही पाठवतो, पाच मिनिटांचं काम आहे. मिस्त्री म्हणाला, कुणालाही नको, मी करतो. तो घमेल्यात माल घेऊन वर आला, स्टूल ठेवलं, त्यावर चढला. थापी खाली ठेवली आणि आधी त्या पोकळीत हात घातला. कोपरापर्यंत. डोळे मिटून सगळे कोपरे चाचपले. हात बाहेर काढला तेव्हा मुठीत भुंग्यांच्या पंखांची टरफलं होती, आणि एक लहानसं, तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांचं पीस.

नर येत होता. आत बसत होता, खात होता. कुणाला दिसलं नव्हतं एवढंच.

"आहे का कुणी आत?" शिक्षिकेनं भीतभीत विचारलं.

मिस्त्रीनं झाडबाईकडे बघितलं.

"आत्ता नाही," तो म्हणाला.

त्यानं पीस शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं, जिथे पूर्वी किल्ली ठेवली होती. पुन्हा एकदा हात घालून बघितलं. मग वीट ओली केली, माल लावला, बसवली, आणि वरून थापी फिरवली. आतून म्हातारी खोकत होती. काम झाल्यावर त्यानं ओल्या फडक्यानं भिंत पुसून घेतली, नेहमीसारखी.

झाडबाई जिना उतरून तुतीखाली आली. तिथून मान वर करून तिनं ती जागा शोधली. छत दिसत होतं, गॅलरी दिसत होती, कोपरा दिसत होता. मिस्त्रीचं काम इतकं सफाईदार होतं, की नेमकी कुठली वीट ते तिला सांगता आलं नसतं. ऊन उतरलं, बुंध्याशी दिवे लागले, आणि ती तिथेच उभी राहिली, कारण पिंगळ्याची यायची वेळ झाली होती.